हुंगायचा हात

गाजराचं बी उगवून वर आलं की त्याची पहिली दोन पानं सुईसारखी असतात, लांब आणि अरुंद. गाजर गवताची पहिली दोन पानं आखूड आणि गोल, मिठाच्या चमच्यासारखी. त्या वयात दोन्ही ओळखायला नुसते डोळे पुरतात. पुढे तीन-साडेतीन आठवड्यांनी दोघांनाही जाळीदार पानं फुटतात आणि तिथून फसगत सुरू होते. फरक तेव्हाही असतोच. गाजराचा देठ सरळ वर उठतो. गवताची पानं जमिनीला चिकटून चक्रासारखी पसरतात आणि त्यांच्यावर बारीक राखी लव असते. पण हे सगळं दिसणाऱ्या माणसासाठी.

सासूला दोन वर्षांपासून दिसत नव्हतं.

अगदीच नाही असं नाही. जिकडे बघावं नेमकं तेच पुसलेलं असायचं. कडेचं मात्र दिसायचं. त्यामुळे ती बांधावरून नीट चालत यायची, दारातून नीट आत शिरायची, समोरून कोण येतंय ते चालीवरून ओळखून आधीच हाक मारायची. डोळ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की आतला पडदा मधोमध झिजलाय, तो काही परत भरून येत नाही. हे घरातल्या तिघांनाच माहीत होतं. सासूला, तिच्या मुलाला आणि सुनेला.

चाळीस वर्षं ती खुरपणीला जात होती. टोळीतल्या बायका, मळेवाले, सगळे तिला मावशी म्हणायचे. कुणाच्या म्हशीनं काही भलतं खाल्लं, कुणाच्या पोराच्या पायाला फोड आला, की लोक पाला घेऊन तिच्याकडे यायचे. हा कसला, तो कशाला चालतो, हा गुरांपासून लांब ठेवा. मळेवाले मुकादमीणबाईंना सांगायचे, "मावशी असेल तरच टोळी पाठवा. तिच्या हातून पीक जात नाही."

तिच्या बोटांना घट्टे होते, म्हणून ती पान खालच्या ओठाला लावून बघायची. एकदांडीचं पान ओठाला खरखरीत लागतं. माक्याचंही लागतं, पण माका चुरगळला की बोट काळं पडतं. मग ती सुनेपुढे बोट धरायची आणि शिकवल्यासारखं विचारायची, "सांग बघू, काळं पडलं का?"

"पडलं."

"मग कोण हा?"

"माका."

"शाब्बास."

बायकांना वाटायचं, अजून धडे चालू आहेत.

शेतात मात्र ओठ लावत बसता येत नाही. तिथे तिची वेगळी रीत होती. उपटायचं उजव्या हातानं आणि हुंगायचं डाव्या हातानं. डाव्या हातानं पानाचं टोक चिमटायचं आणि नाकाशी न्यायचं. गाजर असेल तर गोडसर, तिखट वास. गवत असेल तर कडू. कडू असेल तेच उजव्या हातानं मुळासकट ओढायचं. डावा हात गवताला लावायचाच नाही, कारण तो कडवटपणा बोटांवरून दिवसभर जात नाही. त्यातूनही जे राहून जायचं ते शेजारच्या पातीवरून सून काढायची. खुरपताना प्रत्येकीनं आपल्यापुढची जी पट्टी धरलेली असते ती पात. सून दोन वर्षं दीड पात खुरपत होती.

आणि त्याच गवतानं सुनेचे हात खाल्ले.

आधी मनगटाभोवती लाल पट्टा उठला. मग कोपराच्या घडीत, मग मानेच्या दोन्ही बाजूंना, आता पापण्यांवर. कातडी जाड झाली होती, रेघा पडल्या होत्या, रात्री खाजवून सकाळी त्यातून पाणी येई. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई तिचा हात उलटासुलटा करून म्हणाल्या होत्या, "हे औषधानं जाणार नाही. औषध दाबून ठेवील. त्या गवताला हात लावणं बंद. कायमचं. डोळ्यात शिरलं तर माझ्याकडे येऊ नकोस."

हात लावणं बंद करायची एक वाट होती. पलीकडच्या रस्त्याला रोपवाटिका होती. मागच्या हंगामात सून तिच्या फाटकाशी पाणी प्यायला थांबली होती आणि उभ्या उभ्या म्हणाली होती, "बाई, तुमच्या त्या ट्रेमध्ये मोहरी आहे." तेव्हापासून रोपवाल्या बाई तिच्या मागे होत्या. हिरव्या जाळीखाली, सावलीत, बसून काम. दोन पानांवर असताना भलतं रोप ओळखून चिमट्यानं काढायचं, बस. "असा डोळा मला मिळत नाही," त्या म्हणाल्या होत्या. आणि या आठवड्यात त्यांनी निरोप धाडला होता, "मला हंगामाच्या आत सांग. शनिवारपर्यंत. नाहीतर मी दुसरी बघते."

ती तीन महिने सांगायचं टाळत होती. ती गेली की सासूची पात पहिल्याच दिवशी उघडी पडणार होती.

गुरुवारी सकाळी तिनं नवऱ्यासमोर हात धरले. तो पंपाच्या मोटारी बांधायचा. पुढच्या खोलीतच त्याचं बाकडं होतं, त्यावर उघडी पडलेली मोटार, आणि तो साच्यावर तांब्याची तार गुंडाळत होता.

"अहो, बघा तरी."

"बघतोय. त्रेसष्ट, चौसष्ट."

"शनिवारी उत्तर द्यायचंय."

"दे की. सहासष्ट."

"काय देऊ?"

"तुला काय वाटतं ते."

"आणि आईंचं?"

तो बोटानं तार दाबून थांबला. "हे बघ, आत्ता बोलू नकोस. वेढा चुकला की सगळं उकलावं लागतं."

"आईंना तुम्ही सांगा. तुमच्या आई आहेत."

"मी सांगितलं की तिला वाटेल मी तुझं ऐकून बोलतोय. तूच सांग. बायकाबायकांचं तुम्हाला जमतं." आणि पुन्हा तार फिरू लागली. "सत्तर. एकाहत्तर."

आतून सासूचा आवाज आला. "अगं ए, चल! ऊन वर आलं. मुकादमीण माझ्या नावानं बोंबलत असेल."

सासू उंबऱ्यात बसून डाव्या अंगठ्याला फडकं बांधत होती. आदल्या संध्याकाळी गोखरूचा काटा आत मोडला होता आणि अंगठा लिंबाएवढा झाला होता. सुनेनं ते पाहिलं. तिनं स्वतःच्या दोन्ही हातांत जुने मोजे चढवले, बोटांची टोकं कापलेले, आणि वरून सुतळी बांधली. दोघी निघाल्या. त्या अंगठ्याचा अर्थ काय होतो, हे तिच्या डोक्यात आलं ते दुपारी.

मळ्यावर तेरा बायका होत्या. सगळ्यांत बोलकी होती तिला रेडिओ म्हणत; बॅटरी कधी संपायची नाही. मुकादमीणबाईंना सगळ्या अक्का म्हणायच्या, पण अक्का म्हणण्यासारखं त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं.

"सूनबाई, लग्नाला चाललीस की काय, हातमोजे घालून?" रेडिओ म्हणाली.

"हाताला फोड आलेत."

"मग मावशीला विचार की. सगळ्या जगाला पाला देते, घरात काय दिवाळखोरी?"

"देते ना," सासू म्हणाली. "तुझ्या तोंडाला लावायला काय द्यायचं तेवढंच अजून सापडलं नाही."

बायका हसल्या. पाती धरल्या गेल्या. सासू आणि सून नेहमीसारख्या कडेच्या दोन पातींवर बसल्या.

मोज्यांतून बोटं धड वळत नव्हती. सुनेला स्वतःची पातच आवरेना. घाम आला की मोज्याच्या आत आग होई. ती थांबे, फुंकर घाली, पुन्हा वाकून बसे. दोन-तीनदा तिनं शेजारी नजर टाकली. सासू वेगात चालली होती. उजवा हात पानाशी, नाकाशी, मग ओढ. पानाशी, नाकाशी, ओढ. बरं चाललंय असं तिला वाटलं. उजवा हात, एवढं तिच्या डोळ्यांना दिसलं होतं, पण मनापर्यंत पोचलं नाही.

दुपारी सगळ्या विहिरीवर पाणी प्यायला गेल्या. अक्का तेवढ्यात पाती बघून आल्या. येताना त्यांच्या मुठीत रोपं होती.

"हे काय आहे?"

रोपं मान टाकून लोंबत होती. खाली दोऱ्याएवढी मुळं, फिकट केशरी.

"गाजरं आहेत. वीस पावलं उपटलीत. एक शिल्लक नाही. आणि गवत पण नाही, सगळं स्वच्छ. झाडून काढल्यासारखं. कडेच्या दोन पातींतली आहे. कोणाची?"

सुनेनं सासूच्या हाताकडे पाहिलं. अंगठ्यावर फडकं. म्हणजे सकाळपासून उपटणं आणि हुंगणं एकाच हातानं. पहिली दहा-बारा रोपं ठीक गेली असतील. मग गवताचा चीक बोटांवर बसला असेल, आणि त्यानंतर नाकाशी नेलेलं प्रत्येक पान कडूच लागलं असेल. गाजरही.

"कोणाची पात?" अक्कांनी पुन्हा विचारलं.

"सुनेची," सासू म्हणाली.

तिनं ते अगदी सहज म्हटलं, लाज वाटल्यासारखा आवाज काढून. सुनेनं तोंड उघडलं आणि मिटलं. मावशीवर तिथल्या कुणाचा अविश्वास नव्हता, आणि तिच्या हातांत मोजे होते.

"मोजे घालून गाजर खुरपतात का कधी?" अक्का म्हणाल्या. "गाजर परत लावता येत नाही, माहिताय ना? मूळ हललं की फाटे फुटतात. मळेवाल्याला काय सांगू?"

"नवीन जात काढली म्हणा," रेडिओ म्हणाली. "बिनगाजराचं गाजर."

सगळ्या हसल्या. सासूही थोडी हसली, कारण न हसती तर ते दिसलं असतं.

अक्कांनी सुनेची पात काढून घेतली. "तू आता उपटलेलं गवत गोळा कर आणि बांधापलीकडे टाक. तेवढं तरी ओळखू येईल."

ती संध्याकाळपर्यंत गवताचे भारे उचलत राहिली. भारा छातीशी धरावा लागतो. कडेच्या वाढलेल्या गवताची पांढरी बारीक फुलं गळ्यात, बाह्यांत, पापण्यांवर झडत होती. चौथ्या भाऱ्याला उजवा डोळा मिटू लागला. ती एका डोळ्यानं बांधावरून ये-जा करत राहिली, आणि एकदा मधेच थांबून तिला कळलं की आपण आत्ता सासूसारखंच, मान वाकडी करून, कडेनं बघतो आहोत.

घरी जाताना सासू पुढे होती.

"बोल ना काय बोलायचंय ते," सासू म्हणाली.

"काही नाही."

"माझं नाव गेलं तर टोळीला कोण बोलावणार? तुलाही नाही बोलावणार. तुझं काय, तू तरुण आहेस. चार दिवस हसतील, विसरतील."

सून चालत राहिली.

"माझं विसरणार नाहीत," सासू म्हणाली. "माझं एकदा गेलं की गेलं."

घरापाशी आल्यावर सासू सरळ आत गेली नाही. ओढ्याच्या कडेला वाकत वाकत गेली आणि मूठभर पाला घेऊन आली. पाट्यावर ठेवून म्हणाली, "हात पुढे कर. घोळ आहे. चेचून लावते, आग कमी होईल."

सुनेनं मोजे सोडले. मोज्याबरोबर थोडी कातडीही आली. तिनं पाल्याकडे पाहिलं. घोळच होती, जाड लाल देठ, मांसल पानं, मोडली की नुसतं पाणी. पण त्यात दोन काड्या दुधीच्या होत्या, भाजीच्या नव्हे, तणाच्या. दुधीही तशीच लाल देठाची, जमिनीवर पसरणारी, पण तिचा देठ तारेसारखा बारीक, आणि मोडली की पांढरा चीक येतो. तो चीक उघड्या कातडीला लागला की आणखी भाजतं. हा फरक तिला सासूनंच दाखवला होता, लग्न होऊन आली त्या पावसाळ्यात, याच पाट्यावर. "पाणी आलं तर पोटात, दूध आलं तर बांधावर," असं म्हणत एकेक काडी मोडून.

तिनं दोन्ही काड्या गुपचूप उचलून दाराबाहेर टाकल्या.

"काय टाकलंस?"

"काडी होती."

सासूनं दगड उचलला. चेचता चेचता ती घोळीला नाकाशी नेत होती आणि चेहऱ्यावर काही दिसू देत नव्हती. पुढच्या खोलीत नवरा तार गुंडाळत होता. त्यानं एकदा वळून बघितलं आणि म्हणाला, "आई आहे ना लावायला, मग झालं."

शुक्रवारी सुनेनं पुन्हा भारे उचलले. रेडिओनं दिवसभरात ती गोष्ट तीन वेळा सांगितली आणि प्रत्येक वेळी वीस पावलांची लांबी वाढत गेली. संध्याकाळी सून भाजी घ्यायला गेली तर दुकानदार म्हणाला, "वहिनी, गाजरं देऊ? ओळखता येतील ना?"

शनिवारी जेवायच्या वेळी मळ्याच्या फाटकाशी रोपवाटिकेची गाडी थांबली. मळेवाल्यानं शेजारच्या तुकड्यासाठी कोबीची रोपं मागवली होती. रोपवाल्या बाई स्वतः आल्या होत्या. ट्रे उतरवून त्यांनी सावलीला मांडले आणि तिथेच डबे उघडून बसलेल्या बायकांजवळ आल्या. चष्मा कपाळावर चढवलेला होता.

"तू उत्तर देणार होतीस," त्या सुनेला म्हणाल्या.

डबे थांबले. सासूची मान वळली, थोडी तिरकी.

"हो," सून म्हणाली.

"पण मधेच माझ्या कानावर भलतं आलं. वीस पावलं गाजर उपटलंस म्हणे."

रेडिओ आपल्या डब्यात काहीतरी शोधू लागली.

"माझा धंदा रोप ओळखण्यावर आहे गं," रोपवाल्या बाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "जिला गाजर आणि गाजर गवत कळत नाही तिला मी ट्रेपुढे कशी बसवू?"

त्यांनी वळून एक ट्रे उचलला आणि सुनेच्या पुढ्यात ठेवला. "सकाळी यातलं एक मी मुद्दाम ठेवलंय. माझं नाही ते. दाखव."

सुनेचा उजवा डोळा अजून अर्धाच उघडत होता. ती वाकली. हात मागेच ठेवले. ट्रेमध्ये रोपांच्या ओळी होत्या, सगळ्यांची खालची पानं हृदयाच्या आकाराची, टोकाशी खाच. कोबीचीही तशी आणि मोहरीचीही तशी. तिथे काही कळत नाही. तिनं वरचं, नुकतं फुटलेलं पान बघायला सुरुवात केली. कोबीचं ते पान गुळगुळीत असतं, पावडर लावल्यासारखं.

"तिसरी ओळ," ती म्हणाली. "या कडेकडून पाचवं. रानमोहरी आहे. पानावर लव आहे बघा."

रोपवाल्या बाईंनी चष्मा खाली ओढला, वाकून पाहिलं आणि ते रोप काढून घेतलं. "मला सकाळी हेच शोधायला भिंग लागलं होतं."

"मी शिकवलंय तिला," सासू म्हणाली. तिच्या आवाजात खरा अभिमान होता.

"तेच मला कळत नाही मावशी. जिला ही लव दिसते तिला गाजर दिसलं नाही?"

"माणूस आहे. लक्ष नसतं एखाद वेळी."

"माझ्याकडे एखाद वेळी चालत नाही." रोपवाल्या बाईंनी ट्रे उचलला. थोडा वेळ त्या तशाच उभ्या राहिल्या, जणू कुणीतरी आपलं म्हणणं खोडून काढावं अशी त्यांचीच इच्छा होती. "राहू दे मग. मी दुसरी बघते."

सासूचा हात चाचपत सुनेच्या मनगटावर आला आणि नेमका तिथेच, जिथे कातडी फाटली होती तिथे, घट्ट बसला. ती हळू आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "सांग ना बाईंना, त्या दिवशी डोकं दुखत होतं म्हणून. आता नाही होणार म्हणावं."

चांगली सोय होती ती. सून मान खाली घालून एवढं म्हणाली असती, तर कदाचित रोपवाल्या बाईंनी मानलंही असतं. मग सोमवारी सासूनं तिच्या जागी कुणाला शेजारच्या पातीवर बसवलं असतं, कुणाची पात म्हणून सांगितलं असतं?

सासूच्या अंगठ्यावरचं फडकं मळून काळं झालं होतं. बाकीची चार बोटं स्वच्छ होती. गेले दोन दिवस तिनं त्या हाताला काही लावलं नव्हतं, अन्नसुद्धा. हुंगायचा हात तिनं पुन्हा कामाला काढला होता, आणि तो आत्ता सुनेच्या मनगटावर होता.

सुनेनं तो अलगद सोडवला आणि सासूच्या मांडीवर ठेवला.

"बाई, थांबा," ती म्हणाली. अक्का चावायच्या थांबल्या. "ती पात माझी नव्हती. आईंची होती. आईंना दिसत नाही. दोन वर्षं झाली. त्यांचं राहिलेलं सगळं मी काढत होते." तिनं सासूकडे पाहिलं. सासू नजर चुकवायला नेमकी तिच्याचकडे बघत होती. "सोमवारपासून काढणार नाही, आई. सोमवारपासून मी रोपवाटिकेत जाणार आहे."